अँकी: उजळणीचं वेळापत्रक चोख, कार्डं मात्र ज्याची त्यानेच लिहायची

आधी निकाल, मग खटला. ज्याला दोन-तीन हजार सुट्या गोष्टी (घटनेतली कलमं, सनावळ्या, जिल्हे, रासायनिक सूत्रं, इंग्रजी शब्द) सहा-आठ महिन्यांनी होणाऱ्या परीक्षेत नेमक्या आठवायच्या आहेत, त्याने अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांवर उजळणी करून घेणारं ॲप जरूर वापरावं. त्याहून चांगलं आणि तेही फुकट असं साधन सहजी मिळायचं नाही. ज्याला निबंध लिहायचाय, गणितं सोडवायचीत किंवा एखादा धडा पहिल्यांदाच समजून घ्यायचाय, त्याने यात वेळ घालवू नये. आणि जो कुणाचा तरी तयार संच उतरवून घेऊन पहिल्याच दिवशी शंभर नवी कार्डं चालू करणार आहे, तो महिन्याभरात ॲप काढून टाकेल.

अँकी हे डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं सॉफ्टवेअर. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट चालतं. अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइड हे स्वयंसेवकांनी सांभाळलेलं स्वतंत्र ॲप. तेही फुकट आणि जाहिरातींशिवाय. आयफोनवरचं अँकीमोबाइल तेवढं विकतचं आहे: साधारण २५ डॉलर, एकदाच. तो खर्च नको असेल तर आयफोनच्या ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडून उजळणी करता येते, फक्त सोयी कमी. ॲप शोधताना नाव नीट वाचा. मिळत्याजुळत्या नावाची, निळ्या-पांढऱ्या चांदणीची आठवण करून देणारी आणि दरमहा पैसे मागणारी बरीच ॲप्स आहेत. त्यांचा मूळ अँकीशी संबंध नाही.

काम साधं आहे. कार्डाच्या पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर. उत्तर मनात किंवा तोंडाने म्हणायचं, कार्ड उलटायचं आणि चारपैकी एक बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड किंवा ईझी. ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं हे ॲप ठरवतं. आज आठवलं तर तीन-चार दिवसांनी, तेव्हाही आठवलं तर पंधरवड्याने, मग दीड महिन्याने. विसरलात की अंतर पुन्हा आखडतं.

यामागचं संशोधन कितपत पक्कं आहे

शिक्षणाच्या क्षेत्रात ‘संशोधनाने सिद्ध’ हा शिक्का कशावरही मारतात, म्हणून हा मुद्दा नीट बघायला हवा. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या दहा लोकप्रिय अभ्यासपद्धतींवरचं तोवरचं संशोधन चाळून प्रत्येकीला उपयुक्ततेचा दर्जा दिला. वरचा दर्जा फक्त दोघींना मिळाला: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर विभागून करणं. पुन्हा पुन्हा वाचणं, अधोरेखित करणं आणि सारांश काढणं या खालच्या दर्जाच्या ठरल्या. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावलं तर नेमक्या याच तीन गोष्टी चाललेल्या दिसतील. टेबलावर चार रंगांचे हायलाइटर आणि समोर तिसऱ्यांदा वाचून होत असलेला ठोकळा.

चाचणीचा फायदा किती, हे रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात आकड्यांनिशी दिसतं. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. दोन दिवसांनी चित्र उलटलं, ५४ विरुद्ध ६८. आठवड्याने ४२ विरुद्ध ५६. वाचून उठल्याबरोबर ‘आपल्याला येतंय’ असं वाटतं ते खोटं नसतं, पण ते टिकत नाही. अँकी तुम्हाला दुसऱ्या गटात बसवतं. एक अट मात्र आहे: कार्ड उलटण्याआधी उत्तर खरोखर म्हणायला हवं. प्रश्न वाचला, स्पेस दाबली, उत्तर बघून ‘हो, हेच तर होतं’ म्हणत गुड दाबलं, तर तो पुनर्वाचनाचाच प्रकार झाला, फक्त जास्त कटकटीचा.

विभागणीबद्दल नेट कॉर्नेल यांचा २००९ चा फ्लॅशकार्डांवरचा अभ्यास इथे थेट लागू पडतो. वीस कार्डांची एक मोठी थप्पी फिरवणं आणि पाच-पाच कार्डांच्या छोट्या थप्प्या करून एकेक घोटणं, अशी तुलना होती. सगळ्या प्रयोगांत मिळून ९० टक्के लोकांना मोठी थप्पी, म्हणजे जास्त अंतर, फायद्याची ठरली. तरीही पहिल्या बैठकीनंतर ७२ टक्के लोकांना छोट्या थप्पीनेच जास्त शिकल्यासारखं वाटत होतं. अँकीत हीच चूक वेगळ्या रूपात होते. प्रत्येक प्रकरणाचा वेगळा डेक (कार्डांचा गठ्ठा) करून एकेक डेक ‘संपवायचा’. इतिहासाची चाळीस कार्डं सलग केली की पंचविसाव्या कार्डापर्यंत संदर्भानेच उत्तरं सुचायला लागतात आणि परीक्षेत तो संदर्भ नसतो. म्हणून परीक्षेला एकच डेक ठेवा. विषय आणि प्रकरणांसाठी टॅग लावा. शोधायला ते पुरतात.

सेटिंगमध्ये कुठे हात लावायचा

मूळचं अँकी पिओत्र वोझ्निआक यांच्या सुपरमेमोमधल्या १९८७ च्या गणितावर चालायचं. त्यात बदल करून ते बरीच वर्षं वापरलं गेलं. २०२३ च्या अखेरीस एफएसआरएस ही नवी पद्धत ॲपमध्येच आली. ती डेक ऑप्शन्समध्ये चालू करा. जुनी पद्धत सगळ्यांना एकाच मापाने मोजायची. नवी तुमच्या स्वतःच्या उत्तरांच्या नोंदींवरून अंतरं ठरवते. काही शे उत्तरं जमली की ऑप्टिमाइझ दाबायचं आणि मग महिन्यातून एकदा. रोज दाबून काही साधत नाही.

दुसरी जागा म्हणजे डिझायर्ड रिटेन्शन. मुळात ते ०.९० असतं. याचा अर्थ कार्ड समोर येईल तेव्हा ते आठवण्याची शक्यता नव्वद टक्के असावी, त्या बेताने अंतर ठरतं. म्हणजे दहातलं एक विसरलेलं असणार, हे गृहीतच आहे. आपल्याकडे नव्वद टक्के कमीच वाटतात, मग हा आकडा ०.९७ वर नेऊन ठेवायचा मोह होतो. त्याची किंमत बघा: ०.९५ केलं की अंतरं ढोबळमानाने निम्म्याहूनही कमी होतात आणि ०.९७ ला जवळपास पाव. कार्डं तितकीच, उजळण्या मात्र कितीतरी पट. तीन-चार महिन्यांहून जास्त अवधी असेल तर ०.९० पुरेसं आहे. कार्डं चार-पाच हजारांवर गेली असतील तर ०.८५ सुद्धा शहाणपणाचं.

तिसरी जागा, रोजची नवी कार्डं. मुळात २० असतात, तीच ठेवा किंवा १५ करा. काही आठवड्यांनी रोजच्या उजळण्या नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट होतात असा अनुभवी वापरणाऱ्यांचा अंदाज असतो. वीस नवी म्हणजे रोज १४० ते २०० उजळण्या. कार्डामागे आठ-दहा सेकंद धरले तर वीस मिनिटं ते अर्धा तास. शंभर नवी म्हणजे याच्या पाचपट. वीसच्या वेगानेही चार महिन्यांत २४०० कार्डं होतात आणि पूर्वपरीक्षेच्या तथ्यांसाठी तेवढी पुष्कळ झाली.

बाकीच्या आकड्यांना हात लावू नका. लर्निंग स्टेप्स (नवं कार्ड शिकताना ते पुन्हा दाखवण्याची पहिली अंतरं) १ आणि १० मिनिटं असतात, त्या तशाच राहू द्या.

बटणांचा एक गैरसमज मात्र सगळं गणित बिघडवतो. हार्ड म्हणजे ‘आठवलं, पण कष्टाने’. उत्तर आठवलंच नसेल तर अगेनच दाबायचं. लाजेखातर हार्ड दाबलं की ॲप त्याला बरोबर उत्तर समजतं, अंतर वाढवतं आणि ऑप्टिमाइझ करताना त्या खोट्या नोंदींवरून तुमची स्मरणशक्ती आहे त्याहून दांडगी असल्याचा निष्कर्ष काढतं. चार बटणांचा गोंधळ होत असेल तर अगेन आणि गुड, दोनच वापरा. काही बिघडत नाही. राज्यसेवा पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश कापले जातात, तेव्हा अर्धवट आठवणीला ‘आलं’ म्हणायची सवय इथेच मोडलेली बरी.

कार्ड लिहिणं

ॲपचं परीक्षण खरं तर इथे संपायला हवं, कारण पुढचं काम ॲप करत नाही. पण अँकी सोडून देणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेकांचं खापर वेळापत्रकावर फुटतं आणि दोष कार्डांचा असतो.

एक वाईट कार्ड घेऊ. पुढे: ‘१९६० नंतर महाराष्ट्रात कोणते जिल्हे नव्याने निर्माण झाले?’ मागे दहा नावं, तारखा आणि मूळ जिल्हे. स्थापनेच्या वेळी राज्यात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत, त्यामुळे प्रश्न परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा यात शंका नाही. पण या कार्डाचं उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात. नऊ आठवली आणि वाशिम राहिलं तर काय दाबायचं? अगेन दाबलं तर येणारी नऊसुद्धा पुन्हा घोटायची. गुड दाबलं तर वाशिम कायमचं राहून जातं.

याचे तुकडे करायचे. क्लोझ प्रकारात (वाक्यातला शब्द झाकून तोच विचारायचा) एक वाक्य लिहायचं: ‘पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला.’ यात जिल्हा, तारीख आणि मूळ जिल्हा वेगवेगळ्या क्रमांकांनी झाकले की एका वाक्यातून तीन कार्डं तयार होतात. संगणकावर शब्द निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकदम दाबलं की तो झाकला जातो. दहा जिल्ह्यांची दहा वाक्यं.

एवढ्याने भागत नाही, कारण पुढचा घोटाळा साम्याचा. नंदुरबार आणि वाशिम हे दोन्ही १ जुलै १९९८ चे, पहिला धुळ्यातून आणि दुसरा अकोल्यातून. हिंगोली आणि गोंदिया हे दोन्ही १ मे १९९९ चे, परभणीतून आणि भंडाऱ्यातून. सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ चे. लातूर आणि गडचिरोली १९८२ चे. तारीख देऊन ‘कोणता जिल्हा?’ असं विचारणाऱ्या कार्डाला दोन बरोबर उत्तरं होतात आणि तुम्ही बरोबर असूनही चुकता. अशा ठिकाणी मूळ जिल्हा उघडा ठेवा, किंवा जोडीचंच कार्ड करा: ‘१ जुलै १९९८ ला कोणते दोन जिल्हे झाले?’ दोन नावांचं उत्तर चालतं, तीनही चालतात. त्यापुढे तुकडे पाडलेले बरे.

जिल्ह्यांसाठी शब्दांपेक्षा नकाशा बरा. इमेज ऑक्लूजन ही सोय आता अँकीत आतच आहे, वेगळं काही बसवावं लागत नाही. नकाशाचं चित्र घालायचं, नावांवर चौकटी ओढायच्या, प्रत्येक चौकटीचं एक कार्ड होतं. शरीरशास्त्राच्या आकृत्या, नद्यांची खोरी आणि आवर्तसारणीसाठी हे उत्तम चालतं. ‘हाइड ऑल’ निवडा. नाहीतर शेजारची उघडी नावं बघून झाकलेलं नाव आपोआप कळतं.

राज्यघटनेच्या कलमांचं दुखणं वेगळं. ‘अनुच्छेद २१क: शिक्षणाचा हक्क’ एवढं कार्ड सोपं आणि परीक्षेत जवळपास निरुपयोगी. प्रश्न विचारला जातो तो सीमारेषेवर. ८६ वी घटनादुरुस्ती २००२ ची, शिक्षण हक्क कायदा २००९ चा आणि अंमल १ एप्रिल २०१० पासून: तीन सालं, पर्यायांत तिन्ही हमखास एकत्र येणारी. त्याच दुरुस्तीने २१क घातलं (६ ते १४ वर्षं), ४५ बदललं (आता सहा वर्षांखालच्या बालकांची काळजी आणि शिक्षण) आणि ५१क मध्ये पालकांचं अकरावं कर्तव्य जोडलं. म्हणजे इथे किमान सहा कार्डं लागतात आणि त्यातली निम्मी ‘हे की ते?’ अशी हवीत: ‘सहा वर्षांखालच्या मुलांबद्दल बोलणारं कलम कोणतं, २१क की ४५?’ कार्ड लिहिताना मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेजारी ठेवल्या तर फसवे पर्याय आयतेच मिळतात.

मराठीत क्लोझ कार्ड लिहिताना एक फट राहते, तिच्याकडे इंग्रजी मार्गदर्शकांत कुणी लक्ष देत नाही. आपली विशेषणं आणि क्रियापदं लिंग-वचन सांगतात. ‘पेशीत ऊर्जानिर्मिती करणारी …’ असं लिहून पुढचा शब्द झाकला की ‘करणारी’नेच केंद्रक बाद होतं आणि तंतुकणिका उरते. कार्ड महिनोन्‌महिने बरोबर येत राहतं आणि परीक्षेत ‘पुढीलपैकी कोठे’ असं विचारलं की पाटी कोरी. वाक्य फिरवून ‘पेशीत ऊर्जानिर्मिती कुठे होते?’ असं करा. तसंच विभक्तीचं: प्रत्यय उघडा ठेवून नुसता मूळ शब्द झाकू नका, पूर्ण रूप झाका.

तयार संचांबद्दल थोडक्यात. वैद्यकीय विद्यार्थ्यांचे आणि परकीय भाषांचे इंग्रजीतले काही संच खरोखर मेहनतीने केलेले आहेत. मराठी माध्यमातल्या स्पर्धा परीक्षांसाठी संच शोधण्यात जाणाऱ्या वेळात स्वतःची दोनशे कार्डं होतात. दुसऱ्याचं कार्ड दुसऱ्याच्या गोंधळातून आलेलं असतं. चॅटबॉटकडून कार्डं करून घ्यायची आजकाल पद्धत आहे. टंकलेखनाचे कष्ट वाचतात हे खरं, पण तारीख आणि कलम क्रमांक पाठ्यपुस्तकाशी ताडून बघितल्याशिवाय डेकमध्ये घालू नका. चुकीचं कार्ड अँकी तितक्याच इमानाने पक्कं करतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, ताडायला ती पुरेशी आहेत.

एकच कार्ड पुन्हा पुन्हा चुकत असेल तर आठ वेळा विसरल्यावर अँकी त्याला ‘लीच’ अशी खूण करतं. जिद्दीने नवव्यांदा घोटू नका. ते कार्ड मोडा, दोन करा, किंवा ज्याच्याशी गोंधळ होतोय त्याची तुलना करणारं तिसरं लिहा. काही कार्डं पुसून टाकण्याच्याच लायकीची असतात.

मराठी मजकूर घालताना

कार्डाचा अक्षरआकार मुळात २० असतो. देवनागरीला तो अपुरा पडतो. जोडाक्षरं आणि उकार फोनवर वाचता येत नाहीत. ‘कार्ड्स’ बटणातल्या स्टायलिंगमध्ये तो २६-२८ करा.

जुन्या सरकारी आणि क्लासच्या पीडीएफ कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतात. तिथून उचललेला मजकूर कार्डात रोमन अक्षरांचा चिवडा होऊन उतरतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. पीडीएफ युनिकोड असली तरी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार जागा सोडून पळतात, म्हणून चिकटवलेलं प्रत्येक वाक्य वाचून बघाच. फोनवर मराठी व्हॉइस टायपिंगने बोलून कार्ड लिहिणं बऱ्याचदा यापेक्षा लवकर होतं.

शेकडो कार्डं एकदम आणायची तर स्प्रेडशीटमध्ये एका स्तंभात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात टॅग लिहून इम्पोर्ट करता येतात. एक्सेलमध्ये ‘सेव्ह ॲज’ करताना साधं सीएसव्ही निवडलं की सगळी मराठी प्रश्नचिन्हं होते. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचं. गूगल शीट्समधून काढलं तर हा प्रश्नच येत नाही.

उत्तर टंकून तपासणारं कार्ड मराठीत त्रासदायक ठरतं. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. मग बरोबर उत्तराला लाल रंग लागतो. हीच गोष्ट शोधताना आणि दुबार कार्डं पकडतानाही घडते. एकच कळफलक वापरा आणि टंकायची कार्डं इंग्रजी स्पेलिंगपुरती ठेवा.

संगणक आणि फोन यांचं सिंक अँकीवेबमार्फत फुकट होतं. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा करा. दोन्हीकडे वेगवेगळे मोठे बदल झाले की ॲप विचारतं: अपलोड की डाउनलोड? चुकीचं बटण दाबलं तर एका बाजूची नवी कार्डं जातात. तो प्रश्न आला की आधी संगणकावरून फाइल मेन्यूतून डेक एक्स्पोर्ट करून ठेवा, मग उत्तर द्या.

उजळणी तुंबली की

गणपतीला पाच दिवस गावी गेलात आणि रोजच्या १६० उजळण्या असतील, तर परतल्यावर ८०० वाट बघत असतात. पण रोजची मर्यादा मुळात २०० असल्यामुळे पडद्यावर २०० च दिसतात आणि बाकीच्या नजरेआड साचत राहतात. त्यातच नवी कार्डं दिसेनाशी होतात, कारण उजळण्यांनी मर्यादा भरली की ॲप नवी कार्डं रोखून धरतं. ‘अँकी बिघडलं’ म्हणून विचारणा होते ती बहुधा याच वेळी. बिघडलेलं काही नसतं. नवी कार्डं शून्यावर आणा, उजळण्या २५० पर्यंत चढवा, आठवडाभरात ढीग उतरतो. डेक पुसून नव्याने सुरू करू नका; उशिरा आलेलं कार्ड तरीही आठवलं, तर ॲप त्या लांबलेल्या अंतराचंही श्रेय देतं.

अँकीचा दिवस मध्यरात्री नाही, पहाटे चारला बदलतो. रात्री उशिरापर्यंत जागणाऱ्यांची त्यामुळे सोय होते.

डिझायर्ड रिटेन्शन बदलताना ‘रिशेड्यूल’चा पर्याय चालू ठेवला तर जुनी सगळी कार्डं नव्या हिशोबाने पुढे-मागे होतात आणि एका रात्रीत हजारभर उजळण्या उभ्या राहू शकतात. परीक्षेच्या तोंडावर हे करू नका.

परीक्षेच्या तारखेबद्दल बोलायचं तर अँकीला ती ठाऊकच नसते. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १३५० हून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात उजळणीचं सर्वोत्तम अंतर परीक्षा किती लांब आहे यावर बदलताना दिसलं: परीक्षा आठवड्याने असेल तर १ दिवस, पस्तीस दिवसांनी तर ११, सत्तर दिवसांनी तर २१. अँकी मात्र आयुष्यभर लक्षात राहावं अशा बेताने चालतं. त्यामुळे पुढच्या आठवड्यातल्या युनिट टेस्टसाठी त्याचा उपयोग नाही. ७५ दिवसांवर परीक्षा असताना एखादं कार्ड ११० दिवसांनंतर टाकलेलं दिसलं की मुलं घाबरतात, पण त्याचा अर्थ ॲपच्या अंदाजाने ते परीक्षेच्या दिवशी नव्वद टक्क्यांहून जास्त खात्रीने आठवणार आहे. तरी समाधान हवं असेल तर कस्टम स्टडीमधून शेवटच्या दहा दिवसांत फक्त लीच आणि वारंवार चुकलेली कार्डं काढून फिरवा. नवी कार्डं परीक्षेच्या महिना-दीड महिना आधी थांबवा आणि तो वेळ टेस्ट सिरीजला द्या.

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे अँकीचं काम कच्चा माल पुरवण्यापुरतं: समित्यांची नावं, वर्षं, आकडे, कलमं. उत्तराची मांडणी कोऱ्या कागदावर वेळ लावूनच शिकावी लागते. गणिताचं उदाहरण कार्डावर घातलं तर तिसऱ्या वेळी पद्धतीऐवजी उत्तरच पाठ झालेलं असतं. सूत्र कार्डावर, उदाहरणं वहीत.

फोन हातात नको असेल तर

शिष्यवृत्तीला बसणाऱ्या शाळकरी मुलांना अँकी देण्यात फारसा अर्थ नाही. सेटिंगची झंझट आणि शेजारी यूट्यूब. पत्रकार सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडलेली कागदी पेटी त्यांना पुरते. बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करायचे आणि जाड कागदाच्या पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चिठ्ठ्या. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठ, पाचवा सोळा. उत्तर बरोबर आलं की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात. रोज दहापेक्षा जास्त नव्या चिठ्ठ्या नकोत, चारशे-पाचशेच्या पुढे पेटी आवरत नाही.

पालकांनी एवढंच पाहावं की मूल चिठ्ठी उलटण्याआधी उत्तर मोठ्याने म्हणतंय. पाचव्या कप्प्यातून सुटलेल्या चिठ्ठ्या रबर लावून बाजूला ठेवा, परीक्षेच्या पंधरा दिवस आधी सगळ्या एकत्र पिसून एकदा विचारा आणि चुकतील तेवढ्याच परत पहिल्या कप्प्यात टाका.